रूळ मेला, असं कोण म्हणालं?

(ब्राँक्स, न्यूयॉर्क. १९६२ सालातल्या एका रविवारची दुपार. खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेलगतच्या इमारतीतलं स्वयंपाकघर. फिंटन गेरटी, गाडीला वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळाची दुरुस्ती करणाऱ्या टोळीचा मुकादम. डेलिया, त्याची बायको. एव्हरार्ड अलीन, टोळीतला जुना हात, मूळचा बार्बाडोसचा, कृष्णवर्णीय.)

फिंटन : नाही म्हणजे नाही. कागद दिलाय मी. विषय संपला. चहा घे.

एव्हरार्ड : विषय संपलेला नाही, मुकादम. ऑफिसातला कारकून माझ्याच चर्चमध्ये येतो. आज प्रार्थना झाल्यावर त्याने मला बाजूला घेतलं. म्हणाला, गेरटींचा कागद अजून माझ्या खणात आहे, उद्या सकाळी आठला साहेबांपुढे ठेवणार. आणि त्यात काय लिहिलंय तेही त्याने सांगितलं.

फिंटन : कारकुनाची जीभ आणि गळका नळ, दोन्ही बंद होत नाहीत.

डेलिया : काय लिहिलंय कागदात?

फिंटन : काही नाही गं. गुरुवारच्या उशिराचा कागद.

डेलिया : मी त्याला विचारलं, तुला नाही. एव्हरार्ड, बस आधी. टोपी काढून ठेव. आणि हे काय आणलंस?

एव्हरार्ड : नारळाचा पाव आहे, मिसेस गेरटी. आयोनीने दिलाय. ती म्हणाली, भांडायला जातोयस तर रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

डेलिया : शहाणी आहे तुझी बायको. सांग आता. या माणसाने मला एवढंच सांगितलं, की गाड्या बेचाळीस मिनिटं अडल्या आणि साहेब तापले. गेले तीन दिवस घरात नुसता येरझारा घालतोय. कोबी-बटाट्याला हात लावला नाही याने. बत्तीस वर्षांत असं झालेलं नाही.

फिंटन : कोबी खारट होता.

डेलिया : कोबीला मध्ये आणू नकोस.

एव्हरार्ड : मी पहिल्यापासून सांगतो. गुरुवारी सकाळी सात वाजता आम्हाला बोलावणं आलं. वरच्या लायनीवर तिसऱ्या रुळाखालचा चिनी मातीचा ठोकळा फुटला होता. रूळ तिथे खाली बसला, त्यामुळे गाडीचा जोडा, म्हणजे रुळातून वीज घेणारी लोखंडी पट्टी, त्यावर नीट टेकत नव्हता, ठिणग्या उडत होत्या. आम्ही अकरा जण गेलो. मुकादमांनी फोन करून वीज तोडायला सांगितली. तोडली, असा उलट निरोप आला. मग नेहमीप्रमाणे रूळ तपासायचा. दिव्यांची फळी माझ्या हातात होती.

डेलिया : पाच दिवे, सगळे एकाच तारेत. ती फळी कित्येक वर्षं माझ्या दाराआड उभी असायची. एकदा मी तिच्यावर ओलं फडकं वाळत घातलं, तर हा माणूस आठवडाभर बोलला नाही माझ्याशी.

फिंटन : फळीवर फडकं घालतात का?

एव्हरार्ड : एक तार तिसऱ्या रुळाला, दुसरी चाकाखालच्या रुळाला. दिवे पेटले तर रूळ जिवंत, नाही पेटले तर मेलेला. मी लावली. एकही दिवा पेटला नाही. मी मोठ्याने ओरडलो, "रूळ मेला."

फिंटन : उचलली जीभ लावली टाळ्याला.

एव्हरार्ड : होय. अगदी तेच. फोनवर बसलेल्याने माझं ओरडणं ऐकलं आणि तसंच वर कळवलं. माणसं कामाला वाकली. तेवढ्यात मुकादम म्हणाले, "जिवंतावर लावून पाहिलीस?" मी पाहिली नव्हती. तेरा वर्षं रोज पाहतो, मिसेस गेरटी. आधी शेजारच्या जिवंत रुळावर लावायची, दिवे पेटतात ना ते बघायचं. मग मेलेल्यावर. मग परत जिवंतावर. तीन वेळा. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर गर्दी, वरून साहेबांचे फोनवर फोन, आणि मी पहिली पायरी गाळली.

डेलिया : मग?

एव्हरार्ड : मुकादमांनी सगळ्यांना हात डोक्यावर ठेवायला लावले. भर सकाळी, कामावर निघालेल्या लोकांच्या देखत, आम्ही अकरा बाप्ये हात डोक्यावर ठेवून उभे. एक बाई मोठ्याने म्हणाली, यांना पकडलंय वाटतं. मी फळी शेजारच्या रुळाला लावली. तिथे गाडी नुकतीच धडधडत गेली होती, म्हणजे तो जिवंत होता. तिथेही अंधार.

डेलिया : दिवा सैल.

एव्हरार्ड : तिसरा. जिन्यावरून नेताना सैल झाला असणार. एक सैल झाला की पाचही गप्प. मी तो घट्ट पिळला. शेजारच्या रुळावर पाचही पेटले. मग आमच्या रुळावर लावली.

डेलिया : आणि?

एव्हरार्ड : पाचही पेटले.

डेलिया : तुमच्या? मेलेल्या?

फिंटन : त्या भागाला दोन टोकांकडून वीज येते. एका टोकाचा खटका पडला, दुसऱ्याचा अडकला. यंत्र आहे, अडकतं. तो शोधून पाडेपर्यंत वेळ गेला. बेचाळीस मिनिटं. बस, एवढीच गोष्ट.

एव्हरार्ड : एवढीच नाही. आमच्या टोळीतल्या मार्टिनेकच्या हातात तेव्हा पाना होता. रुळापासून वीतभर. मुकादमांनी विचारलं नसतं, तर मी आज प्रार्थनेला नाही, त्याच्या दफनाला गेलो असतो.

डेलिया : देवा.

एव्हरार्ड : आता साहेबांचं म्हणणं असं, की खटका अडकला तो वेगळा विषय, तो यंत्रवाले बघतील. पण रूळ जिवंत असताना तो मेला, असं टोळीतून कळवलं गेलं. असं कोण म्हणालं, त्याचं नाव लिहून द्या. आणि मुकादमांनी लिहिलं, की मी म्हणालो. फिंटन गेरटी. टोळीतल्या दुसऱ्या कुणाचाही दोष नाही.

डेलिया : फिंटन?

फिंटन : टोळी माझी, तोंडही माझंच.

डेलिया : काय करतील तुला?

फिंटन : मुकादमकी काढतील. निवृत्तीला उरलेले तीन आठवडे साधा गडी म्हणून पाना धरेन, मग घरी. निरोपाला घड्याळ देणार होते, ते देणार नाहीत. मला वेळ कळतो घड्याळाशिवाय.

डेलिया : आणि याचं नाव दिलं असतं तर?

फिंटन : माझ्यानंतर मुकादम कोण, ते याच महिन्यात ठरायचंय. यादीत पहिलं नाव याचं आहे. मी भांडून घातलंय. हा कागद याच्या नावाने गेला, की यादीतून नाव गेलंच समज. परत कधी येणार नाही.

डेलिया : मग बरोबरच केलंस की तू. एव्हरार्ड, ऐक माझं. याचे तीन आठवडे उरलेत, तुझी वीस वर्षं उरलीत. घेऊ दे याला अंगावर. पाठ रुंद आहे याची.

एव्हरार्ड : मला माहीत होतं, तुम्हीही असंच म्हणाल. आयोनी नाही म्हणाली असं. आणि मुकादम, तुम्ही एक गोष्ट बोलत नाही आहात, ती मी बोलतो. तुमच्या हातून चूक झाली तर लोक म्हणतील, गेरटी चुकला. माझ्या हातून झाली तर म्हणतील, बघा, यांना मुकादम करायला निघाले होते. यांना. माझी चूक माझ्या एकट्याची राहत नाही. ती माझ्यामागून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर बसते. म्हणून तुम्ही झाकलंत.

फिंटन : झाकलं. मग? तुझ्याइतका चांगला हात या शहरात नाही. एका सैल दिव्यापायी तो वाया घालवू? हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एव्हरार्ड : मी संन्यासी नाही. मी पायरी गाळली.

फिंटन : एकदा.

एव्हरार्ड : मरायला एकदाच पुरतं, हे कुणाचं वाक्य आहे?

डेलिया : याचंच. झोपेतसुद्धा म्हणतो.

फिंटन : हे बघ, मी एकोणीस वर्षं मुकादम आहे. माझ्या टोळीतला एक माणूस मेला नाही. एक नाही. बोट तुटलं, पाय मोडला, पण जिवानिशी कुणी गेला नाही. सहाशे व्होल्टशी खेळतो आम्ही. या शहरात रोज लाखो लोक कामावर जातात, पेपर वाचतात, डुलक्या काढतात. त्यांच्या पायाखाली हातभर अंतरावर काय चाललंय, याचा कुणाला पत्ता नसतो. त्यांना वाटतं, गाडी पुढे बसलेला चालवतो. गाडी रूळ चालवतो. तो रूळ आम्ही सांभाळतो. आणि ही असली व्यवस्था जगात पहिली कुठे...

एव्हरार्ड : शिकागोत.

फिंटन : काय?

एव्हरार्ड : माझा मेव्हणा तिथल्या लायनीवर आहे. तो म्हणतो, खांबांवरची गाडी तिसऱ्या रुळावर आमच्याकडे न्यूयॉर्कच्या सात-आठ वर्षं आधी धावली.

फिंटन : शिकागोवाल्यांना काय, सूर्यही आधी तिथेच उगवतो.

डेलिया : लंडनमध्ये जमिनीखालून त्याच्याही आधी धावली होती, विजेच्या इंजिनाने. माझे वडील सांगायचे. विषय बदलू नकोस, फिंटन.

फिंटन : कोण बदलतंय? मी सांगतोय, अभिमान कशाचा ते. गाडी पहिली कुणाची, याचा नाही. माणसं घरी गेली याचा. तेवढा एक अभिमान घेऊन घरी बसू द्या मला. खोटं लिहिलं तर कुणाचं काय बिघडलं?

एव्हरार्ड : माझं बिघडलं. मुकादम, पहिल्या दिवशी तुम्ही मला टोळीत घेतलंत, खांद्यावर हात ठेवलात आणि काय म्हणालात? म्हणालात, "टिअर्नी होऊ नकोस." प्रत्येक नव्या माणसाला तुम्ही तेच सांगता. टिअर्नीने तपासणी व्हायच्या आधी रुळाला हात लावला आणि मेला, त्याला घाई नडली. आम्ही सगळेच म्हणतो. कुणी धांदल केली, की "टिअर्नी करू नकोस." गुरुवारी मी टिअर्नी झालो. आणि त्या बिचाऱ्याचं नाव चाळीस वर्षं सगळ्यांच्या तोंडी आहे, माझं तुम्ही झाकलंत. हा न्याय मला पटत नाही.

फिंटन : एव्हरार्ड. पुरे.

एव्हरार्ड : का? काय झालं? मिसेस गेरटी?

डेलिया : काही नाही. हात भाजला.

एव्हरार्ड : किटली तर थंड आहे.

फिंटन : एव्हरार्ड, मेनस टिअर्नी हिचे वडील.

एव्हरार्ड : मला... मला कुणी सांगितलं नाही. तेरा वर्षं. मिसेस गेरटी, मी या टेबलावर बसून...

डेलिया : तुझी काय चूक. तुला शिकवलं तेच तू बोललास.

फिंटन : तुझ्या देखत मी कधी बोललो नाही, डेलिया. शपथ. मला वाटायचं, त्यांच्या मरणाचा निदान कुणाला तरी उपयोग होतोय. एक नाव ऐकून माणूस हात आवरतो...

डेलिया : माझ्या देखत बोलत नव्हतास, हे ठाऊक होतं मला. युनियनच्या सहलीत ऐकलं मी पहिल्यांदा. पोतं घालून पळायची शर्यत होती. एक पोरगा धडपडला, आणि कुणीतरी ओरडलं, "काय टिअर्नी करतोस रे." सगळे हसले. मी सँडविच वाटत होते. वाटत राहिले.

फिंटन : बोलायचं होतंस मला.

डेलिया : वचन होतं. आता नाही. इतका वेळ तुझ्या बाजूने बोलत होते ना मी? आता ऐका दोघेही.

फिंटन : बस तरी खाली.

डेलिया : उभीच बरी आहे. एव्हरार्ड, माझे वडील सुरुवातीला इंजिनात कोळसा टाकायचे. खांबांवरच्या गाड्या तेव्हा वाफेवर चालत. खालच्या रस्त्याने चालणाऱ्यांच्या हॅटवर निखारे पडायचे, दुकानांच्या कापडी छपरांना भोकं पडायची, आणि शिव्या खायचे माझे वडील. मग तिसरा रूळ आला. वर्षभरात इंजिनं गेली. बाकीचे इंजिनवाले म्हणाले, हे पोराटोरांचं खेळणं आहे, आम्ही नाही शिवणार याला. माझ्या वडिलांनी फावडं ठेवलं आणि रुळाच्या टोळीत नाव घातलं. आईला म्हणाले, आधी आग गाडीत होती, आता रुळात आहे, आणि ही दिसत नाही, म्हणून हिला जास्त मान द्यायचा. मी लहान होते तेव्हा मला पुलाखाली उभं करून दाखवायचे. ती बघ, धूर नाही, निखारा नाही. आपल्या गाड्या. आपल्या म्हणायचे, जशा काही परसातल्या कोंबड्याच. असा माणूस घाईने रुळाला हात लावेल?

एव्हरार्ड : नाही.

डेलिया : कागदावर तसंच आहे. एकोणीसशे एकोणीस, फेब्रुवारी. "कामगाराने तपासणीपूर्वी रुळाला स्पर्श केला. स्वतःचा निष्काळजीपणा." मी तेरा वर्षांची होते. आईने तो कागद बायबलमध्ये ठेवला. आणि माझं फिंटनशी लग्न ठरलं त्या वर्षी एक माणूस आमच्याकडे आला. फिंटन, तुझे मुकादम. हॅनरहन.

फिंटन : हॅनरहन? तुमच्याकडे कशाला?

डेलिया : टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसेनात. आईला म्हणाले, माझ्या टोळीतला पोरगा तुमचा जावई होतोय, त्याला मी रोज काय तोंड दाखवू. मग सांगितलं. त्या दिवशी फळी त्यांच्या हातात होती. बावीस वर्षांचे होते, बायको बाळंत झालेली. दिवे पेटले नाहीत. ते म्हणाले, रूळ मेला. माझ्या वडिलांनी विश्वास ठेवला.

एव्हरार्ड : सैल दिवा.

डेलिया : सैल दिवा. आणि त्यांच्या मुकादमाने, फार भला माणूस होता म्हणे, त्या पोराची दया येऊन लिहिलं, की टिअर्नीने आधीच हात लावला. मेलेल्याला काय फरक पडतो? पोरगा वाचला. नोकरी राहिली. पुढे मुकादम झाला.

फिंटन : हॅनरहनने मला सगळं शिकवलं. आधी जिवंत, मग मेलेला, मग परत जिवंत. हा नियमच त्याचा. त्याच्याआधी कुणी तीन वेळा लावत नव्हतं. तो वेडा व्हायचा त्यापायी. एकाने एकदा पायरी गाळली, तर त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग स्वतःच रडला. आम्हाला वाटलं, म्हातारा झाला.

डेलिया : आता कळलं ना कशाने.

फिंटन : आणि तो कधी ते... तो "टिअर्नी" कधी म्हणाला नाही. दुसरा कुणी म्हणाला तर उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, तुझ्यामुळे. माझा मान राखतो म्हणून.

डेलिया : आईने त्यांना चहा दिला. एवढंच म्हणाली, की लिहून द्या. ते म्हणाले, आता अकरा वर्षांनी लिहिलं तर टोळी माझ्या फळीवर विश्वास ठेवणार नाही, आणि विश्वास नसला की माणसं गडबडतील, मरतील. आईला ते पटलं. तिने मला वचन द्यायला लावलं, हा माणूस जिवंत आहे तोवर बोलायचं नाही. यंदाच्या इस्टरला त्यांच्या दफनाला मी गेले होते. तेव्हापासून रोज म्हणतेय, आज सांगू, उद्या सांगू.

फिंटन : बत्तीस वर्षं माझ्या शेजारी झोपलीस.

डेलिया : झोपले, आणि तुझ्या टोळीची माणसं जिवंत घरी येत होती, ती त्यांच्याच नियमाने. काय बोलणार होते? पण हिशेब... नाही, हिशेब नाही म्हणत. एवढंच म्हणते, की नियम राहिला आणि माझ्या वडिलांचं नाव गेलं. भल्या माणसाने दयेपोटी दोन ओळी खोट्या लिहिल्या, त्याचं हे झालं. आणि तू तोच भला माणूस होऊन बसलायस, फिंटन. तसाच कागद, तीच दया.

फिंटन : मी मेलेल्यावर ढकललं नाही. स्वतःवर घेतलं.

डेलिया : आज स्वतःवर घेतलंस. आणि दहा वर्षांनी? टोळीत नवा माणूस आला की काय सांगतील? "गेरटी होऊ नकोस. म्हातारा शेवटी शेवटी पायऱ्या गाळायला लागला होता." एकोणीस वर्षांत एक माणूस मेला नाही, ते कुणाला आठवणार नाही. कागद आठवतो. आणि हा इथे बसलाय, तो हॅनरहनसारखा रोज उठून स्वतःला खात राहील. मुकादम होईल, आणि कुणाच्या तरी कानाखाली वाजवून रडेल.

एव्हरार्ड : म्हणूनच मी आलो होतो. एवढं नीट मला सांगता आलं नाही.

फिंटन : आणि मुकादमकी? ती जी तुझ्या हक्काची आहे? आणि मागून येणारे तुझे लोक, मघाशी तूच म्हणालास...

एव्हरार्ड : म्हणालो. मला भीती वाटते, मुकादम, खोटं कशाला बोलू. पण आयोनी सकाळी काय म्हणाली ते सांगतो. मी तिला म्हटलं, हा कागद माझ्या नावाने गेला तर ते म्हणतील, हे लोक असेच. ती पाव भट्टीतून काढत होती. म्हणाली, ते तर कागद नसला तरी म्हणतात. मग निदान तुझ्याबद्दल खरं काय ते तरी कुठेतरी लिहिलेलं असू दे.

डेलिया : मला भेटायचंय तुझ्या बायकोला.

एव्हरार्ड : उद्या सकाळी सात वाजता कारकून दार उघडतो. तो म्हणाला, जुना कागद परत घ्यायचा असेल तर मुकादमांनी स्वतः यायला हवं. मी एकटा गेलो तर तो देणार नाही.

फिंटन : म्हणजे मला हात धरून न्यायला आलायस तू.

एव्हरार्ड : हो.

फिंटन : हट्टी आहेस. मी मुद्दाम हट्टी माणसं घेतो टोळीत, ऐकणारी माणसं विजेचंही ऐकतात. डेलिया, ते कोरे छापील कागद कुठायत? ऑफिसातून आणलेले.

डेलिया : दिव्यांच्या खोक्याखाली. थांब, देते. पेन हे घे, त्याचं गळतं.

फिंटन : लिही, एव्हरार्ड. आणि उद्या कामावर निघायच्या आधी टोळीला उभं करून मी दुसरंही सांगणार आहे. मेनस टिअर्नीचं. हॅनरहनचंही. दोन्ही नावं घेऊन. म्हातारा वरून शिव्या देईल तर देऊ दे.

डेलिया : देणार नाहीत. हलकं वाटेल त्यांना.

एव्हरार्ड : "मी, एव्हरार्ड अलीन, गुरुवारी सकाळी फळी जिवंत रुळावर न तपासता रूळ मेला असं सांगितलं. रूळ जिवंत होता." बरोबर?

फिंटन : पुढे माझं लिही. "मुकादम फिंटन गेरटी याने आधी दिलेला कागद खोटा आहे, तो त्याने जाणूनबुजून खोटा लिहिला."

एव्हरार्ड : जाणूनबुजून? हे लिहिलं तर तुमचंही...

फिंटन : लिही. नाहीतर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला आठवत नव्हतं. मी सगळं आठवतो. आणि हेही लिही, की दिवा सैल असताना हा माणूस पळाला नाही, लपला नाही, सगळ्यांच्या देखत त्याने तो स्वतःच्या हाताने पिळला आणि रूळ परत तपासला. तीन वेळा.

एव्हरार्ड : स्वतःच्या कागदात स्वतःबद्दल असं कसं लिहू?

डेलिया : दे इकडे. तेवढं मी लिहिते. अक्षर माझं तुम्हा दोघांपेक्षा बरं आहे.

फिंटन : साहेब विचारेल, हे बायकी अक्षर कुणाचं.

डेलिया : सांग, टिअर्नीच्या मुलीचं. झालं. आता सह्या करा. तू इथे, तू इथे. अरे, खाली अजून रकाने आहेत, ते रिकामे का?

एव्हरार्ड : ते नेहमीचेच आहेत. "विलंब, मिनिटांत." बेचाळीस लिहिलं. "रद्द झालेल्या गाड्या." नऊ. "झालेलं नुकसान." एक ठोकळा. संपले.

डेलिया : आणि माणसांचं?

एव्हरार्ड : माणसांचा रकाना नाही. मेलं तरच वेगळा कागद भरतात.

डेलिया : किती जण गेला होतात तुम्ही त्या सकाळी?

फिंटन : अकरा. सांगितलं ना याने.

डेलिया : आणि घरी किती आलात?

फिंटन : अकरा.

डेलिया : मग तेही लिहा.

एव्हरार्ड : कुठे लिहू, मिसेस गेरटी? रकान्यात जागा नाही.

डेलिया : रकान्याच्या बाहेर लिही.